आधी काटा, मग चाक

३ फेब्रुवारी, मंगळवार

मिरी म्हणाली, वाचताना जिथे अडेल तिथे वहीत लिहून ठेव आजी. मी म्हटलं, मग दुसरी वहीपण आणून ठेव, ही पुरायची नाही.

वही कसली, धुलाईघरातलं जुनं रजिस्टर आहे. काम सोडलं त्या दिवशी दोन कोरी उचलून आणली होती. इस्पितळाच्या चादरी एकतीस वर्षं धुतल्यावर दोन रजिस्टरं नेली तर त्याला चोरी म्हणत नाहीत. पानावर रकाने छापलेले आहेत, नग, आले, गेले, शेरा. मी त्यांच्यावरून आडवं लिहिते.

मिरी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. लहानपणी काळी, गोल आणि झोंबणारी होती म्हणून मिरी. आता झोंबायचं विसरली आहे. एका कंपनीसाठी कागद लिहिते. कंपनी लोकांचे कॉम्प्युटर सांभाळते, आणि कसे सांभाळायचे ते मिरी पायरी पायरीने लिहून काढते. कंपनी एका गावात, कॉम्प्युटर दुसऱ्या गावात, आणि मिरी तिसऱ्या गावात माझ्या जेवणाच्या टेबलावर. उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं ऐकलं होतं, आता रोज घरात बघते.

सध्याचा कागद रुग्णवाहिका पाठवणाऱ्या एका केंद्राचा आहे. लोक फोन करतात, केंद्रातल्या बाया नकाशात बघून जवळची गाडी धाडतात. त्यासाठी एका थंड खोलीत चौदा मोठी यंत्रं ठेवली आहेत, त्यांना सर्व्हर म्हणायचं. प्रत्येकाच्या पोटात प्रोसेसर, म्हणजे त्याचं इंजिन. ते किती जोरात पळवायचं ते ठरवता येतं. पूर्ण, मधला आणि बचत. पूर्ण ठेवलं की वीज खातं आणि तापतं, बचत ठेवलं की रेंगाळतं. यासाठी तिथे जावं लागत नाही. यंत्रात एक छोटा तुकडा बसवलेला असतो, यंत्र झोपलं तरी तो जागा. मिरी त्याला चौकीदार म्हणते. इथून त्याला निरोप द्यायचा, तो आत बदल करतो.

कुणीही वाचून करू शकेल असा कागद हवा, असं तिच्या साहेबाने सांगितलंय. त्या 'कुणीही'साठी मिरीने मला धरलं. म्हणते, तुला कळलं की जगाला कळेल. हे कौतुक नव्हे एवढं चौथी पास बाईलाही कळतं.

सात पानं आहेत. दुसऱ्याच पायरीवर अडले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली पायरी, चौकीदाराला आपली ओळख पटवा. दुसरी, वेग निवडा आणि बदला. मी विचारलं, आधी काय होता? मिरी म्हणाली, त्याचं काय? आपल्याला नवा ठेवायचाय.

डोक्यात तिडीक गेली. धुलाईघरात चादरी दाबायची वाफेची प्रेस होती. तिला एक चाक आणि एक काटा. चाक फिरवलं की वाफ वाढते नाहीतर उतरते, काटा किती ते दाखवतो. शेजारी खिळ्याला पाटी. चाकाला हात लावण्याआधी काटा कुठे आहे ते पाटीवर लिहायचं. आधी काटा, मग चाक. आमच्या मोठ्या बाईने मला हे पहिल्या दिवशी शिकवलं, आणि दुसऱ्या दिवशी विसरले तेव्हा तिसऱ्या दिवशी पुन्हा विसरणार नाही असं शिकवलं. कारण बिघडलं तर परत कुठे जायचं ते कळायला नको का? घरचा पत्ता न घेता पोराला जत्रेत सोडल्यासारखं आहे हे.

मी विचारलं, तुझ्या चौकीदाराच्या लक्षात राहत नाही का आधीचं? ती म्हणाली, बदललं एवढं लिहून ठेवतो, कशावरून बदललं ते नाही. म्हटलं मग तो चौकीदार कसला, गल्लीतलं कुत्रं. कुणी आलं की भुंकतं, कोण आलं ते सांगत नाही.

ती हसली. मग पहिल्या पायरीनंतर नवीन पायरी घातली. 'बदल करण्याआधी प्रत्येक यंत्राचा सध्याचा वेग वाचा आणि लिहून ठेवा.' चांगली लिहिली. तिला तसं सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

साहेब आज पडद्यावर होता. मी बाजूला बटाटे सोलत होते, मी त्याला दिसत नव्हते. आवाज तुपासारखा, कुठेही धरा, सटकतो. कशालाच हो नाही, कशालाच नाही नाही. मी त्याचं नाव गुळमुळे ठेवलंय.

गुळमुळे म्हणाला, कागद लांबलाय, गिऱ्हाईक कंटाळतं. बारा पायऱ्यांच्या आठ करा. आधीचा वेग लिहायची पायरी काढा, सगळी यंत्रं सारखीच तर आहेत. शेवटची पायरी होती की यंत्र एकदा बंद करून चालू केल्याशिवाय नवा वेग लागत नाही. तीही काढा म्हणाला, हे कुणालाही माहीत असतं. मग कागद कशाला लिहिताय शहाण्या, कुणालाही सगळंच माहीत असेल तर.

मिरी म्हणाली, सर, पण ती पायरी राहू दिली तर. तो म्हणाला, बघू, सध्या काढा.  त्याने स्वतःच तिच्यासमोर चार पायऱ्यांवर लाल रेघ मारली आणि तिने मान डोलावली.

पडदा बंद झाल्यावर मी तिला चांगलीच धुतली. तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? ती म्हणाली, आजी, ते साहेब आहेत. मी म्हटलं, आमचाही साहेब होता. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काही नाही, बटाटे घे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी सहाला केंद्राच्या चौदाही यंत्रांचा वेग बचतीवर आणायचा होता. रविवारी सकाळी फोन कमी येतात म्हणून. गुळमुळेने केंद्राला वीज वाचवून दाखवायचं कबूल केलंय. बदल मिरीने करायचा, आठ पायऱ्यांच्या कागदाबरहुकूम.

माझं तोंड बघून ती म्हणाली, बरं बाई, तुझ्या समाधानासाठी आधीचे वाचते, तू लिही. कंपनीचं रजिस्टर नाही तर तुझं. ती पडद्यावर एकेक यंत्र उघडून मोठ्याने वाचत होती, मी लिहीत होते. मधेच गॅसवरच्या अंड्यांचं पाणी उतू गेलं, ज्योत विझून वास सुटला. उठले, बंद केला, फडक्याने पुसलं, परत येऊन बसले. तोवर ती नवावर पोचली होती. हात भरभर चालवून गाठली तिला.

१ मधला
२ "
३ "
४ बचत
५ "
६ मधला
७ "
८ "
९ "
१० बचत
११ मधला
१२ "
१३ "
१४ "

तेच असलं की दोन टिंबं. धुलाईघरात असंच. शंभर चादरी आल्या तर शंभरदा चादर लिहायची का?

मग तिने सगळी बचतीवर टाकली, कागदात होतं तेवढंच केलं. काहीच झालं नाही. केंद्रातल्या कुणाला पत्ताही लागला नाही. गुळमुळेचा निरोप आला, उत्तम. अंडी फुटली होती, तशीच खाल्ली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार



आज सकाळी केंद्राने दुसऱ्याच कुठल्या दुरुस्तीसाठी यंत्रं बंद करून चालू केली. बंद करून चालू केल्यावर रविवारची बचत लागू झाली. लाल रेघ मारलेली शेवटची पायरी. तीही सकाळी साडेआठला, सगळ्यात जास्त फोन येतात तेव्हा. नकाशा उघडेना. बाया कागदावर पत्ते लिहून गाड्यांना फोन लावत बसल्या. छातीत कळ आलेल्या एका बाईला बावीस मिनिटं कुणी आलं नाही. पोचली इस्पितळात. वाचली. कुणाच्या पुण्याईने नव्हे, शेजाऱ्याच्या गाडीने.

गुळमुळे फोनवर ओरडत होता, मागे फिरवा, मागे फिरवा. मिरीने विचारलं, कशावर? आठ पायऱ्यांत ते नव्हतंच. तो म्हणाला, सगळी पूर्णवर टाका. टाकली, बंद-चालू केली, आणि दहा मिनिटांत ती खोली अशी तापली की दोन यंत्रं आपणच बंद पडली. आगीतून फुफाट्यात.

मिरी पांढरी पडली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, वही."

मी वाचत गेले, ती घालत गेली. पाऊण तासात गाडं रुळावर आलं. नकाशा अजून जड चालतोय म्हणे, पण उघडतो. साहेबाने विचारलं, आधीचे वेग कुठून मिळाले? मिरी म्हणाली, लिहून ठेवले होते. वा, म्हणाला. आठ दिवसांपूर्वी सगळी यंत्रं सारखी होती त्याला.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, झालं ना नीट, मग सोडा. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मधे माणसं अडकली असली तरी हा असाच बोलतो, येतोय हो, बसा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चोराच्या उलट्या बोंबा.

केंद्रातल्या यंत्रवाल्याने शोधून काढलं की आठवं यंत्र चुकीच्या वेगावर आहे. नकाशा तेच काढतं. त्याने ते पूर्णवर टाकलं आणि नकाशा पूर्वीसारखा धावला. म्हणजे ते आधीपासून पूर्णवर होतं, आणि मिरीने मागे फिरवताना मधल्यावर टाकलं. मंगळवारपासून आजपर्यंत केंद्र निम्म्या जोरावर चालत होतं.

गुळमुळेला हेच हवं होतं. दुपारी पडद्यावर म्हणाला, नोंद चुकीची म्हणजे नोंदच नाही. मला तर वाटतं, तुम्ही ती नंतर अंदाजाने तयार केलीत. आणि एक कागद पाठवला, सोमवारपर्यंत सही करा म्हणून. मिरीने वाचून दाखवला. 'बदलापूर्वी यंत्रांच्या स्थितीची अचूक नोंद घेण्याची जबाबदारी माझी होती. ती माझ्याकडून पार पडली नाही. झालेल्या गैरसोयीस मी कारणीभूत आहे.'

गैरसोय. छातीत कळ येऊन बावीस मिनिटं पडून राहणं म्हणजे गैरसोय.

सही केली तर नोकरी राहते म्हणाला, फक्त कागद फायलीला लागेल. पुढे कुठेही नोकरीला गेली तरी विचारणार, ज्यांच्यामुळे रुग्णवाहिका थांबल्या होत्या त्या तुम्हीच का. नाही केली तर चौकशी.

मुलगा म्हणाला, कर सही. कागदच तर आहे, मी महिन्याला चाळीस करतो. मी विचारलं, लिफ्ट तपासली म्हणून करतोस ना, प्रत्येक वेळी वरपर्यंत चढून बघतोस? त्याने पाण्याचा तांब्या उचलला. मी म्हटलं, बरंय मी तळमजल्यावर राहते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मिरी म्हणते, आठवं मीच चुकीचं वाचलं असणार. सकाळची वेळ होती, झोप होती डोळ्यांवर. कंपनी खोटं म्हणत नाही आजी, मी करते सही.

मी तिला नको नको ते बोलले. डोळे कुठे होते तुझे? एक ओळ धड वाचता येत नाही आणि जगाला पायऱ्या शिकवतेस? एका ओळीसाठी त्या तुपाच्या डब्याच्या हातात मान दिलीस. ती ऐकून घेत होती. तिचं ते ऐकून घेणं बघून आणखी बोलले.

मग जे कधी बोलले नव्हते तेही बोलले. मुलगाही बसला होता समोर. प्रेसवर नऊ वर्षं होते मी. एकदा साहेबाने घाईसाठी स्वतः चाक फिरवलं, काटा न लिहिता, आणि वाफ सुटून माझ्या जोडीदारणीचा हात कोपरापर्यंत भाजला. संध्याकाळी माझ्यापुढे कागद आला, इथे सही कर, रजेचा आहे म्हणाले. मी न वाचता केली. त्यात लिहिलं होतं की चाक मी फिरवलं. मग मला प्रेसवरून काढून मळक्या चादरी निवडायला बसवलं. रक्त, पू, सगळं. अकरा वर्षं. घरी मी सांगितलं होतं की मीच मागून घेतलं ते काम, तिथे बसायला मिळतं म्हणून.

मुलगा म्हणाला, "आई, तू रोज आल्यावर तासभर हात धुवायचीस."

म्हटलं, हो, मग? घाण होतं काम.

जोडीदारीण त्यानंतर माझ्याशी कधी बोलली नाही. तिला वाटलं मीच. असू दे. ती कुठे असेल कोण जाणे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरात कुणी नाही. मुलगा कामावर, मिरी चालायला म्हणून गेली.

कालचा राग उतरला नव्हता. मिरीला तोंडावर दाखवावं, बघ किती स्वच्छ लिहिलंय, चूक तुझ्या वाचण्यातच, म्हणून रविवारचं पान उघडलं. आठव्या ओळीशी कागद फुगलाय. वाळलेल्या थेंबाचं गोल आहे. बोट ओलं होतं माझं. फडक्याने पुसून आले होते ना.

मी आठवं ऐकलंच नाही.

उठले तेव्हा ती सातवर होती, बसले तेव्हा नवावर. आठवं मी गॅस बंद करताना वाचून झालं. आणि विचारलं नाही. वर मधला, खाली मधला, मग हेही मधलाच असणार. ओढली दोन टिंबं.

गुळमुळे म्हणाला, सगळी यंत्रं सारखीच आहेत. मी त्याला दोन आठवडे शिव्या घालतेय. आणि तेच मी म्हटलं, तोंडाने न बोलता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. काल त्या पोरीला काय काय बोलले. ते सगळं वर लिहिलंय माझ्याच हाताने, पान फाडून टाकावंसं वाटतंय.

खोटं लिहीत नाही, म्हणून हेही लिहिते. पेन्सिल घेतली होती. टोक केलं. टिंबं बारीक आहेत, त्यांच्यावर 'पूर्ण' लिहिलं तर कळणार नाही. मिरीलाही नाही. चौदाच्या चौदा बरोबर होतील, मंगळवारी घाईत वाचताना मी चुकले म्हणेन, गुळमुळेचं तोंड बंद होईल, मिरी सुटेल. टोक कागदावर टेकवलं होतं.

तेवढ्यात ती आली म्हणून ठेवली का, की आधीच ठेवली, ते मलाच सांगता येत नाही.

तिला काही बोलले नाही. जेवण वाढलं. जास्त वाढलं, तर म्हणाली, आजी, बरी आहेस ना?

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. सकाळी, ती दात घासत होती तेव्हा. अशा गोष्टीला मुहूर्त बघू नये.

ती तशीच उभी राहिली, तोंडात फेस. चूळ भरून म्हणाली, "मी मोठ्याने म्हटलं होतं. अगं, हे एकटंच वेगळं आहे, पूर्णवर आहे. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं लिहितेयस."

मी म्हटलं, मी गॅसपाशी होते.

"आणि परवा मला विचारत होतीस डोळे कुठे होते म्हणून."

दार आपटून गेली. झोंबली शेवटी. माझ्या जिवाला बरं वाटलं असं लिहिणार होते, पण नाही वाटलं. अख्खा दिवस बोलली नाही. मुलगाही बोलला नाही, पण तो एरवीही बोलत नाही.

संध्याकाळी ती टेबलाशी येऊन बसली. म्हणाली, वही दाखवायची तर एक अडचण आहे. गिऱ्हाईकाच्या यंत्रांची माहिती घरातल्या माणसाला ऐकवणं हाच नियमभंग आहे. वही दाखवली की ते कबूल केल्यासारखं होईल. मी म्हटलं, केलंस ना? ती म्हणाली, हो, केलं. मग कबूल करण्यात काय जातं? न केलेलं कबूल करू नये, एवढंच माझं म्हणणं.

ती टेबल नखाने खरवडत बसली. मग म्हणाली, "उद्या माझ्या शेजारी बस. पण मी सांगेन तेव्हाच बोल."

२३ फेब्रुवारी, सोमवार

बारा वाजता पडदा उघडला. एका चौकोनात गुळमुळे, एका चौकोनात केंद्र चालवणारी बाई. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली पिशव्या. मी इस्त्रीचं पातळ नेसले होते. प्रेस गेली तरी हात गेला नाही.

गुळमुळेने सुरुवात केली. दुर्दैवी प्रकार, संवादात त्रुटी, संबंधित कर्मचारी सही करायला तयार आहे. मिरी म्हणाली, तयार नाही. आवाज चिरकला तिचा, पण बोलली. मग सगळं सांगितलं, वहीचं, माझं, नियमभंगाचंही. गुळमुळे गोडसं हसला. म्हणाला, म्हणजे गिऱ्हाईकाची माहिती तुम्ही आजीबाईंना दिलीत, आणि आजीबाईंनी ती चुकीची लिहिली. हे तर तुमचं घरगुती प्रकरण झालं.

मिरीने माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर उघडून पडद्याला लावलं.

मी म्हटलं, "तेरा ओळी ऐकून लिहिल्या. आठवी न ऐकता लिहिली, सगळी सारखीच असणार म्हणून. ती चूक माझी, पोरीची नव्हे. पण साहेब, माझी एक ओळ न बघता गेली. तुम्ही पायरी खोडलीत तेव्हा चौदाही न बघता गेल्या."

गुळमुळे म्हणाला, आजीबाई, तुम्हाला यातलं तांत्रिक कळत नाही. मी म्हटलं नाही कळत, म्हणूनच तर मला वाचायला दिलं होतं.

 केंद्राच्या बाईने विचारलं, पायरी खोडली म्हणजे काय? मिरीने जुना कागद पडद्यावर आणला. बारा पायऱ्या, चारांवर लाल रेघ, त्यात या दोन, रेघेशेजारी साहेबाचं नाव आणि तारीख. कॉम्प्युटरही कधीकधी कामाचं लक्षात ठेवतो. गुळमुळे म्हणाला, त्या वेळी एकूण विचार करता. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं.

बाईने मला विचारलं, आजी, आठवी ओळ तुम्ही दुरुस्त का नाही केली? केली असती तर आम्हाला कळलंही नसतं.

मी म्हटलं, पेन्सिल हातात घेतली होती.

ती मग गुळमुळेकडे वळली. म्हणाली, "मंगळवारचा तो फोन मीच घेतला होता. बावीस मिनिटं मी त्या बाईंच्या मुलाला सांगत होते, गाडी निघाली, गाडी निघाली. नकाशा उघडलाच नव्हता. कुठली गाडी निघाली ते मलाच माहीत नव्हतं. तुमच्या कागदावर गैरसोय लिहिलंय. ते आधी बदला, मग कुणाची सही ते बघू."

एवढं बोलून तिने पडदा बंद केला. निरोप न घेता. मला आवडली.

२ मार्च, सोमवार

गुळमुळे आहे तिथेच आहे. अशी माणसं पडत नाहीत, तूप सांडलं तरी भांड्यातच. अहवालात 'प्रक्रियेतील त्रुटी' लिहून आलं. प्रक्रिया नावाच्या बाईने केलं सगळं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मिरीने तो पहिला कागद माझ्यासमोर फाडला तेव्हा तुकडे मीच केराच्या डब्यात टाकले.

दुसरा कागद आला. 'गिऱ्हाईकाच्या यंत्रांची माहिती मी परवानगीशिवाय घरातील व्यक्तीस ऐकवली.' ताकीद म्हणून. मिरीने तीनदा वाचला, मलाही वाचायला दिला, आणि सही केली. खरं होतं ते. मुलगा बघत होता. आज सकाळी म्हणाला, नवव्या मजल्याच्या लिफ्टचं वरचं चाक बघून येतो, तिथे बरेच महिने गेलो नाही. मी म्हटलं, जा.

मला आता कागद वाचायला देता येणार नाही, नियम आहे. कुणीही वाचू शकेल असा कागद, फक्त मी सोडून. पण केंद्रात भिंतीवर लावायला छापलेली प्रत जाहीरच असते म्हणे, ती मिरीने आणून दिली. तेरा पायऱ्या. दुसरी, बदलाआधी प्रत्येक यंत्राचा वेग वाचून लिहा. शेवटची, बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नाही. आणि मधे तिसरी, नवीन. 'प्रत्येक यंत्रासमोर पूर्ण शब्द लिहा. वरीलप्रमाणे अशी खूण चालणार नाही. एखादी नोंद ऐकू आली नसेल तर पुन्हा विचारा.'

ही पायरी माझ्यावर आहे. चौदा यंत्रांच्या खोलीत माझी चूक भिंतीला लावलीय. मी मिरीला विचारलं, नावपण घालायचं होतंस. ती म्हणाली, जागा नव्हती. झोंबते आता. बरी झोंबते.

जेवण झाल्यावर १५ तारखेचं पान काढलं. काही खोडलं नाही. टिंबं आहेत तशी ठेवली. रजिस्टरात शेऱ्याचा रकाना आहे, एकतीस वर्षांत मी तो कधी भरला नव्हता, आमच्याकडे शेरा साहेब लिहायचे. आठव्या ओळीसमोर त्या रकान्यात लिहिलं, ऐकलं नाही. खाली सही केली.